बायकोसाठी भरवशाचं रिव्हॉल्व्हर : कोणतं घ्यावं? (ठाणे)

घोडबंदरी | ११ जून, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

राहायला कासारवडवलीला. बायकोच्या नावावर भिवंडी-वाडा रस्त्याला पेट्रोल पंप आहे. सासऱ्यांचा होता, ते गेल्यावर हिने हातात घेतला. मी आयटीवाला, ऐरोलीला. पंपाचं सगळं तीच बघते आणि माझ्यापेक्षा दहापट चांगलं बघते. रात्री साडेनऊ-दहाला हिशेब मिटवून निघते, अंजूरफाटा, कशेळी पूल, बाळकुम करत घरी. गाडी स्वतः चालवते. पूर्वी कॅश घेऊन यायची, आता कमी झालंय पण बंद नाही.

फेब्रुवारीत दोन मुलांनी बाईकवरून कशेळीच्या अलीकडे तिच्या गाडीला दोनदा कट मारला, पुढे जाऊन थांबले. ती थांबली नाही. आठवड्याने पंपावर फोन आला, "मॅडम, महिन्याचं काहीतरी ठरवून टाका." मग अजून दोन फोन. तक्रार दिली आहे. त्या दिवसापासून दहा वाजले की मी गॅलरीत येऊन उभा राहतो.

तर प्रश्न असे :

बजेट दीड-पावणेदोन लाख. वजनाला हलकं, पर्समध्ये मावेल, आणि मुख्य म्हणजे ऐन वेळी दगा देणार नाही असं काय घ्यावं? रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? यूट्यूबवर सगळे ग्लॉक ग्लॉक करतात, ते इथे मिळतं का? आणि मी माझ्या नावावर लायसन्स काढून तिला वापरायला दिलं तर चालतं का? तिला कागदपत्रांच्या मागे धावायला वेळ नाही.

---

वाफाळता_कटिंग | ११ जून, रात्री ११.५८

बायकोच्या हातात स्वखर्चाने रिव्हॉल्व्हर देणाऱ्या शूरवीरास साष्टांग दंडवत. (हलकेच घ्या.)

बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

सीबीडी_वकील | १२ जून, सकाळी ७.१५

धागाकर्ते, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच पाय घसरण्याची शक्यता जास्त.

"मी लायसन्स काढून तिला देतो" हे आजच्या आज डोक्यातून काढा. शस्त्र परवाना म्हणजे रेशनकार्ड नव्हे, तो कुटुंबाच्या नावावर नसतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार ज्याच्या नावाचा परवाना त्यानेच ते बाळगायचं. तुमच्या नावाचं हत्यार तिच्या पर्समध्ये सापडलं तर ती विनापरवाना शस्त्र बाळगणारी आरोपी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं कैद आहे. आणि ते तिच्या हाती दिल्याबद्दल तुम्ही वेगळे अडकाल. भेट देता येत नाही, "घरातलंच आहे" हेही चालत नाही.

म्हणजे अर्ज तिचा, सही तिची, मुलाखत तिची, ट्रेनिंग तिचं. वय २१ पूर्ण हवं. अर्ज शस्त्र नियम २०१६ मधल्या नमुना ए-१ मध्ये, त्यासोबत डॉक्टरी दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. राष्ट्रीय डेटाबेसमध्ये तिचा युनिक नंबर पडतो. परवाना पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीनचा होता.

तुमच्या केसमध्ये एक गंमत आहे. घर कासारवडवलीला, म्हणजे ठाणे शहर आयुक्तालय. पंप भिवंडीच्या पुढे वाड्याच्या बाजूला असेल तर तो भाग बहुतेक ठाणे ग्रामीणच्या हद्दीत, आणि तक्रारही तिकडेच नोंदवलेली असणार. अर्ज राहत्या पत्त्यावरून करायचा, पण धोका दुसऱ्याच्या हद्दीतला. इथला अधिकारी म्हणेल, "आमच्या हद्दीत तर काही घडलेलं नाही." म्हणून तिथल्या तक्रारीची प्रत, कॉलचं रेकॉर्ड, तारखा, सगळं जोडा. नियमांप्रमाणे पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत आणि त्यानंतर ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. "हवा" या शब्दावर जोर देऊन वाचा. नाकारला तर कलम १८ खाली अपील आहे.

---

बत्तीस_बोअर | १२ जून, सकाळी ९.४०

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी लोखंडाचं बोलतो. माझं नाव बघून कळलंच असेल. मुरबाडकडे शेती आहे, लायसन्स वडिलांच्या वेळेपासून घरात, माझ्या स्वतःच्या नावावर एकोणीस वर्षं.

ग्लॉक विसरा. ते परदेशी पिस्तूल, बहुतेक नऊ एमएमचं, आणि नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप), सामान्य माणसाला मिळत नाही. परदेशी हत्यारांची आयातही १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्यासारख्यांना बंदच. त्याआधीची जुनी विलायती पिस्तुलं हातोहात फिरतात आणि किमती ऐकल्या तर ठाण्यात वन आरके घेण्याचा मोह होईल. यूट्यूबवरचे अमेरिकन बाप्ये जे सांगतात त्यातलं नव्वद टक्के आपल्या उपयोगाचं नाही.

आपल्याकडे हँडगन म्हणजे मुख्यतः बत्तीस बोअर. त्यात :

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. मधून मोडून उघडतं. दणकट, जड.

"निर्भीक", २०१४ साली आलं. दिल्लीच्या निर्भयावरून नाव, "महिलांसाठी" म्हणून गाजावाजा. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्धा किलो वजन, तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या घरात.

"प्रबळ", ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, तेही कानपूरचं. पाऊण किलोच्या आत. याचं काडतुसांचं फिरतं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे भरायला आणि रिकामं करायला सुटसुटीत. ५० मीटर रेंज म्हणून जाहिरात झाली. ती कागदावरची गोष्ट. स्वसंरक्षण चार-पाच पावलांवर होतं.

बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं "निडर" आहे, बावीस बोअर, जेमतेम पाव किलो. हे "हलकं" म्हणून तुमच्या नजरेत भरेल. पण बावीसच्या काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो, मधोमध टोपीत नसतो. अशी काडतुसं न पेटण्याचं प्रमाण बत्तीसपेक्षा जास्त असतं. तुमची पहिली अट "दगा नको" आहे ना? मग नको.

पिस्तुलात ईशापूरचंच "अशनी", बत्तीसमध्ये. सडपातळ असल्यामुळे अंगावर लपतं छान.

आता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल. नवशिक्या माणसाला, मग बाई असो की बाप्या, मी रिव्हॉल्व्हरच सांगेन. कारण एकच. काडतूस वाजलंच नाही तर रिव्हॉल्व्हरमध्ये काही करायचं नसतं, पुन्हा घोडा दाबायचा, पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. पिस्तुलात वाजलं नाही किंवा टरफल अडकलं तर स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून ते बाहेर काढावं लागतं. त्याला दोन हात लागतात, बोटांत जोर लागतो आणि डोकं शांत लागतं. तिन्ही एकाच वेळी, रात्री दहाला, कशेळी पुलावर. बघा बुवा.

---

वाफाळता_कटिंग | १२ जून, सकाळी १०.०५

बत्तीसराव, "घोडा दाबायचा" की "खटका"? आमच्या लहानपणी टिकल्यांच्या पिस्तुलाला घोडा म्हणायचो.

---

बत्तीस_बोअर | १२ जून, सकाळी १०.२१

बोटाने ओढतो तो खटका, पाठीमागून टोला देतो तो घोडा. पोलिसांच्या पंचनाम्यात अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. मी वर चुकीचं लिहिलं. कटिंग प्या आता.

---

खाकी_निवृत्त | १२ जून, दुपारी १.३०

मी ठाणे जिल्ह्यातच नोकरी केली, निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. वाईट वाटून घेऊ नका, पण स्पष्ट लिहितो.

घोडबंदरी, तुम्ही लिहिलंय "पर्समध्ये मावेल". माझ्या नोकरीत पर्स खेचून नेल्याच्या तक्रारी किती घेतल्या त्याची गणती नाही. चोर पहिला हात कुठे घालतो? पर्सला. म्हणजे त्या दोन पोरांना तुम्ही मोबाईल, पैसे आणि सहा काडतुसांसकट रिव्हॉल्व्हर एका झटक्यात देणार. त्यानंतर ते कुठल्या गुन्ह्यात वापरलं गेलं की तपास आधी तुमच्या दारात.

दुसरं. बाई गाडीत आहे, इंजिन चालू आहे, काच वर आहे. या अवस्थेत तिच्याकडचं सगळ्यात मोठं हत्यार तिच्या उजव्या पायाखाली आहे. फेब्रुवारीत ती थांबली नाही ना? तेच बरोबर केलं. रिव्हॉल्व्हर जवळ असतं तर कदाचित थांबली असती. हत्यार जवळ असलं की माणसाला उगाच धीर येतो आणि त्या धीरापायी तो नको तिथे उतरतो. असे दोन पंचनामे मी स्वतः केलेत. दोन्ही मेलेले लायसन्सवाले.

तिसरं, निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात. स्क्रीनिंग कमिटी असते, खरा धोका असलेल्याला सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, एका वर्षात दोन वेळा हे झालं. नंतर महापालिका. तेवढे आठवडे तुमचं भरवशाचं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्याच्या कपाटात. तेव्हा काय करणार, हे आधी ठरवा.

पंपाची कॅश दिवसाउजेडी उचलायला बँकेची सोय लावून घ्या. निघायची वेळ रोज बदला. खंडणीवाला कोण आहे हे बहुतेक वेळा पंपावरच्याच कोणाला तरी माहीत असतं, नुकतं काम सोडून गेलेल्यांची यादी तपास अधिकाऱ्याला द्या. हे केल्याशिवाय लायसन्सच्या मुलाखतीला गेलात तर साहेब पहिला प्रश्न हाच विचारतील.

---

कोपरीचा_बंड्या | १२ जून, दुपारी २.१०

खाकीकाकांशी असहमत. म्हणजे बाईने आयुष्यभर ॲक्सिलरेटरच दाबायचा? पोलीस कशेळीला पोचेपर्यंत काय करायचं? रस्त्यावर ट्रकच्या रांगा असतात, गाडी पुढे जाईल तर ना! तिला लायसन्सचा हक्क आहे आणि मिळालं पाहिजे.

---

सीबीडी_वकील | १२ जून, दुपारी ३.०२

बंड्याशेठ, "हक्क" शब्द जपून. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. शस्त्र परवाना मात्र मागायचा असतो, कारण पटवायचं असतं.

आणि वेळ आलीच तर काय होतं तेही लिहितो, कारण हे कुणी बोलत नाही. जीव घेण्यापर्यंतचा बचावाचा हक्क कलम ३८ मध्ये आहे : मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, रात्रीची घरफोडी यांसाठी कलम ४१. पण या सगळ्यावर कलम ३७ बसलेलं आहे : गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पर्स घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर बचाव उभा राहणं महाकठीण. तो पळत होता, म्हणजे धोका संपला होता.

बचाव खरा असला तरी गुन्हा आधी नोंदवला जाईल, हत्यार जप्त होईल, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल, परत मिळायला वेळ लागेल. पंपावर त्या काळात कोण बसणार?

---

नेमबाज_पनवेल | १२ जून, रात्री ९.१८

धाग्यावर अजून एकाही बाईने लिहिलेलं नाही. तर घ्या.

मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळायचे, राज्य पातळीपर्यंत. आता नवीन पनवेलला मुलींना शिकवायला मदत करते. हत्याराची निवड नवरा करतो, ब्रँड बघून, वजन बघून, आणि शेवटी ते त्या बाईच्या हातातच बसत नाही, हे इतक्या वेळा बघितलंय.

"हलकं" हा निकष सोडा. बहुतेक रिव्हॉल्व्हरना वेगळी सेफ्टी नसते, जड खटका हीच त्यांची सेफ्टी. घोडा मागे न ओढता सरळ खटका दाबायचा तर साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. आमच्या एअर पिस्तुलाचा खटका किमान ५०० ग्रॅमचा असतो, यावरून अंदाज करा. आता हत्याराचं वजन अर्धा किलो आणि बोटाचा जोर पाच किलो. काय होईल? बोट मागे येईल तसं अख्खं हत्यार खाली आणि डावीकडे वळेल. थोडं जड असलेलं हातात स्थिर राहतं आणि झटकाही कमी देतं. बत्तीसचा झटका तसा फार नसतो, पण अतिहलक्या हत्यारात तोही बोचतो.

दुकानात हे बघा. हत्यार रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, तळहाताची बेचकी मुठीच्या मागे गच्च बसवायची, मग तर्जनी खटक्यावर ठेवायची. बोटाच्या पहिल्या पेराची गादी खटक्याच्या मधोमध सहज पोचली तर माप बरोबर. पोचवण्यासाठी मूठ फिरवावी लागली तर ते हत्यार तिचं नाही, कितीही भारी असू दे. मग भिंतीकडे नेम धरून सलग दहा वेळा खटका ओढायला सांगा. सातव्या-आठव्याला हात थरथरायला लागला तर अजून महिनाभर मनगटाचा व्यायाम, मग परत या.

आणि आधी क्लबात जा. नवीन पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. तिथे खेळ शिकवतात, स्वसंरक्षण नव्हे, पण खटका कसा दाबायचा हे शिकायला एअर पिस्तुलासारखं स्वस्त आणि सुरक्षित काही नाही. काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, तो सरावात किती दिवस पुरणार?

शेवटचं. तिला हवंय का हे तुम्ही तिला विचारलंय?

---

बत्तीस_बोअर | १२ जून, रात्री १०.३०

ताईंचा प्रतिसाद छापून ठेवावा असा.

"दगा देणार नाही" यावर एक राहिलं. लोक हत्याराचा भरवसा विचारतात आणि पावसाळा विसरतात. माझीच गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हताच, माझा होता. एका वर्षी जूनमध्ये रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात घालून लोखंडी कपाटात ठेवलं. काडतुसं म्यानाच्या पट्ट्यावरच्या खोबणींत खोचलेली, सिनेमात असतात तशी. चार महिने ढुंकून पाहिलं नाही. नवरात्रात काढलं तर म्यान बुरशीने पांढरं, सिलिंडरच्या कडेला लाल गंज, आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर, देवघरातल्या न घासलेल्या समईवर येतो तसाच. पुसून रेंजवर नेली. सहातली दोन वाजलीच नाहीत, एक वाजलं ते "फुस्स" करून. आणि फुस्स हे न वाजण्यापेक्षा वाईट, कारण गोळी नळीतच अडकली असेल तर पुढची गोळी नळी फोडते. तिथला उस्ताद ओरडला म्हणून थांबलो.

चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पितळ खातात. आता मी कापडात, हलका तेलाचा हात देऊन, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून पुसतो. काडतुसांना तेल लागू देत नाही, तेल टोपीत झिरपलं की ती मरतात. घोडबंदरला खाडीचा वारा आहे, तिथे माझ्या मुरबाडपेक्षा दुप्पट लक्ष द्यावं लागेल.

जुनं घ्यायचा विचार असेल तर (स्वस्तात मिळतं म्हणून लोक सुचवतील) रिकाम्या हत्याराचा खटका शेवटपर्यंत दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने सिलिंडर हलवून बघा. खुळखुळ्यासारखं हललं तर सोडून द्या. नळीत पांढरा कागद धरून उजेडाकडे बघा, आतल्या चऱ्या स्पष्ट दिसायला हव्यात, देवीचे व्रण दिसायला नकोत.

---

घोडबंदरी | १३ जून, रात्री १२.१०

सगळ्यांचे आभार. नेमबाजताई, खरं सांगायचं तर नाही विचारलं. सरप्राईज द्यायचा विचार होता. आमच्या लग्नाला ऑगस्टमध्ये बारा वर्षं होतात.

अजून एक अडचण. मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात ठेवायचं कसं?

---

वाफाळता_कटिंग | १३ जून, रात्री १२.१४

लग्नाच्या वाढदिवसाला रिव्हॉल्व्हर. पैठणी घ्या हो, पैठणी.

---

खाकी_निवृत्त | १३ जून, सकाळी ६.५०

मुलगी आहे म्हणजे भिंतीत बसवलेली तिजोरी, हत्यार एका कप्प्यात, काडतुसं वेगळ्या कुलपात. गादीखाली, फ्रीजवर, कपड्यांच्या मागे अजिबात नाही. नऊ वर्षांच्या मुलीला तुमच्या घरातली प्रत्येक गोष्ट कुठे असते हे तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. अशी तिजोरी उघडून, भरून हातात घ्यायला अर्धा मिनिट तरी जाणार. म्हणजे घरात घुसलेल्या माणसासाठी ते बहुतेक निरुपयोगी. ते मान्य असेल तरच पुढे जा.

---

पंपवाली | १३ जून, रात्री ११.०५

नमस्कार. आजच खातं उघडलं. मी या धाग्यातली "बायको".

लॅपटॉप उघडा ठेवून झोपायची सवय काही लोकांना नडते. अख्खा धागा वाचला, चहा गार झाला.

पहिलं, दहा वाजता तुम्ही गॅलरीत उभे राहता हे मला आज कळलं. मला वाटायचं सिगरेट परत सुरू झाली.

दुसरं, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की मार्चमध्येच मी कमिशनर ऑफिसला, खारकर आळीत, चौकशी करून आले आहे. फॉर्म घरीच आहे, पंपाच्या डिप फाइलमध्ये (टाकीतल्या साठ्याच्या नोंदींची). अजून भरला नाही, कारण मला स्वतःलाच ठरत नव्हतं. बाबांकडे लायसन्सची बारा बोअर होती. ती मी लहानपणापासून बघितली आहे, साफ करताना कापूस धरायचं काम माझं असायचं. बाबा गेल्यावर ती जमा केली. एवढ्या वर्षांत त्यांनी ती एकदाच बाहेर काढली, आणि ज्याच्यासाठी काढली तो दुसऱ्या दिवसापासून आमचा वैरी झाला. त्यामुळे मला हत्याराची भीती नाही आणि कौतुकही नाही.

खाकीकाका, काम सोडून गेलेल्यांच्या यादीचं तुम्ही लिहिलंत आणि माझ्या डोक्यात लखकन एक नाव आलं. जानेवारीत मीटरच्या रीडिंगवरून काढलेला मुलगा. कॅश निघायची वेळ, माझी गाडी, सगळं त्याला ठाऊक. आज सकाळीच तपास अधिकाऱ्यांना जाऊन सांगितलं. बँकेशीही बोलले, दुपारी कॅश उचलायला गाडी येईल, महिन्याला पैसे लागतील पण लागू देत. यूपीआयमुळे तसंही रात्रीच्या गल्ल्यात आता फार नसतं. पण हे ज्यांना माहीत नाही ते थांबणारच, हे मलाही कळतं. म्हणून पुढच्या-मागच्या काचेला कॅमेरे, आणि ते बाहेरून दिसतील असे.

लायसन्सचा अर्ज मी करणार आहे. माझ्या नावाने, माझ्या सहीने. मिळेल तेव्हा मिळेल. कोणतं घ्यायचं ते माझं बोट ठरवेल, पहिल्या पेराने. बत्तीसदादा, तुमचं समईचं वाक्य डोक्यात बसलं.

नेमबाजताई, तुमच्या क्लबात रविवारची बॅच असते का? पंपाला रविवारी दुपारी जरा उसंत असते.

---

नेमबाज_पनवेल | १३ जून, रात्री ११.२०

ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. येताना केस घट्ट बांधून या आणि पायात सपाट तळाचे बूट.

---

वाफाळता_कटिंग | १३ जून, रात्री ११.२२

वहिनी, दंडवत मागे घेऊन तुम्हाला घालतो.

---

सीबीडी_वकील | १४ जून, सकाळी ७.४०

पंपवाली ताई, बाबांच्या बारा बोअरचं काय झालं? जमा केलेलं शस्त्र वारसाला स्वतःच्या परवान्यावर मागता येतं. जमा केल्याची पावती शोधून ठेवा, अर्जासोबत तीही लावता येईल. तुमच्या घराला परवान्याचा जुना, स्वच्छ इतिहास आहे हे त्यातून आपोआप दिसतं.

---

पंपवाली | २ जुलै, रात्री १०.४८

थोडं अपडेट. तो मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ, दोघांना चौकशीला बोलावलं. फोन बंद झालेत. अर्ज दिला, आता कासारवडवली पोलीस ठाण्यातून बोलावणं यायचंय. पावती सापडली, बाबांच्या गीतेच्या पुस्तकात होती.

पनवेलला तीन रविवार झाले. अजून एकही छर्रा झाडलेला नाही. रिकाम्या एअर पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर दहाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता खटका दाबायचा, एवढंच. पहिल्या रविवारी प्रत्येक वेळी पडलं. आज दहातून चार वेळा राहिलं. मुलगी शेजारी बसून मोजत होती, पडलं की नाणं तिचं, असं ठरलंय. साठ रुपये घेऊन घरी आली.